औंधचे राजे आणि भिंत नसलेला तुरुंग (गीता ९.३०-३१)



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातलं, श्लोक ३० आणि ३१. कालच्या श्लोकात भगवंतांनी सांगितलं होतं की मला कुणी नावडता नाही आणि कुणी खास लाडका नाही. आज त्याची परीक्षा आहे. कारण प्रश्न अगदी टोकाच्या माणसाचा येतो, ज्याच्या हातून खरोखर वाईट कर्म घडलंय त्याचा. तो वळला तर त्याचं काय करायचं? भगवंतांचं उत्तर थोडक्यात असं आहे की त्याला साधूंच्या रांगेत बसवा, त्याला बदलायला फार वेळ लागणार नाही.

या श्लोकातल्या दोन शब्दांपाशी मी दर वेळी थांबते. पहिला शब्द आहे ‘व्यवसित’. म्हणजे ज्यानं पक्कं ठरवलंय तो. आपला ‘व्यवसाय’ हा शब्द त्याच धातूवरून आलाय. संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय, मराठीत झाला कामधंदा. मला ही गंमत खूप बोलकी वाटते. मनात ठरवलेलं टिकायला हाताला काम लागतं. ठरवलं खूप, पण सकाळी उठून जायला जागाच नाही, तर तो निश्चय किती दिवस तग धरणार?

दुसरा शब्द ‘मंतव्य’, म्हणजे मानावं. इथे नीट बघा. आज्ञा चुकलेल्या माणसाला नाहीये. त्यानं त्याचं ठरवलेलंच आहे. आज्ञा अर्जुनाला आहे, म्हणजे जो बाहेर उभा राहून बघतोय त्याला. तू त्याला साधू मान. अर्जुन क्षत्रिय आहे, ज्याच्या हातात दंड आहे असा. शिक्षा देणाऱ्यालाच देव सांगतोय की शिक्षेनंतरची नजरही तुझीच जबाबदारी आहे.

म्हणून आज एका राजाची गोष्ट. पुराणातला नाही, साताऱ्याजवळच्या औंधचा.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत असतील सूर्यनमस्कारांमुळे. जिममध्ये किंवा योगा क्लासला आपण जे सूर्यनमस्कार घालतो, ते विसाव्या शतकात घरोघरी पोचवण्यात या माणसाचा मोठा वाटा. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांतून मुलांकडून घालून घ्यायचे, त्यावर पुस्तकंही लिहिली. पण ही त्यांची एकच बाजू झाली.

जन्म २४ ऑक्टोबर १८६८. शिक्षण सातारा आणि मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. धाकटे असल्यामुळे गादी लगेच मिळाली नाही, ती मिळाली १९०९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. औंध तसं लहानसं संस्थान, आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. काही गावं साताऱ्याकडे, काही कुंडलकडे, काही आटपाडीच्या माणदेशात, काही थेट विजापूरकडे. पैसा फार नव्हता. राजे मात्र चित्रकार होते, कीर्तनकार होते. हातात चिपळ्या घेऊन देवीपुढे उभा राहणारा राजा, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. १९१६ मध्ये त्यांनी रामायणावरच्या आपल्या चित्रांचं पुस्तक काढलं, ‘चित्ररामायण’.

आणि महाभारत! पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली हे आपण या वाचनात अनेकदा बोललोय. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून बघत ते काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. त्याची सुरुवात होऊ शकली ती बाळासाहेबांनी एक लाख रुपये देण्याचं कबूल केलं म्हणून. त्या काळचे एक लाख, आणि तेही एवढ्याशा संस्थानातून. १९२३ मध्ये संस्थेनं या कामाचा पहिला नमुना म्हणून एक पर्व छापलं, ते होतं विराटपर्व. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आजच्या श्लोकाकडे. १९१० साली बेळगावात एका उद्योजकाचा छोटा कारखाना नगरपालिकेच्या विस्ताराच्या आड आला आणि त्याला जागा सोडावी लागली. ते होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. लोखंडी नांगर तयार करायची खटपट चाललेली, यंत्रं पडून, जायला ठिकाण नाही. औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ म्हणजे कसा, तर निवडुंग आणि नाग. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या वाडीतली एक गोष्ट मला फार आवडते. लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यासाठी जी माणसं नेमली, त्यांत शिक्षा भोगून आलेले लोक होते. ज्यांच्या नावानं आसपासची गावं दारं लावून घ्यायची, त्यांच्या हातात कारखान्याची राखण. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये असा कायदा केला होता की काही जमातींची माणसं जन्मानंच गुन्हेगार धरली जायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये देशभरातून गेला. लक्ष्मणराव पहारेकरी नेमत होते ते या कायद्याच्या काळात. सरकार म्हणत होतं यांच्यावर नजर ठेवा, आणि हा कारखानदार म्हणत होता की रात्रभर नजर तुम्हीच ठेवा.

हे काम त्यांनी दयेपोटी दिलं असं मला नाही वाटत. दया दाखवायची तर चार पैसे देऊन वाटेला लावता येतं. पहारा देणं म्हणजे स्वतःची झोप दुसऱ्याच्या स्वाधीन करणं. ‘मंतव्य’ म्हणजे हेच असावं.

आता पुन्हा औंध. १९३० चं दशक संपत आलेलं. बाळासाहेबांचा मुलगा अप्पा विलायतेत शिकून परत आला होता. त्याच्या ओळखीतून औंधला एक वेगळाच माणूस आला, मॉरिस फ्रीडमन. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, पेशानं इंजिनिअर, बंगळुरात कारखान्यावर मोठ्या हुद्द्यावर. रमण महर्षींकडे जाणारा, गांधीजींकडे जाणारा, भगवी वस्त्रं घालणारा. भारतानंद हे त्याचं दुसरं नाव. (पुढे मुंबईत खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्त महाराजांची मराठीतली निरूपणं इंग्रजीत आणणारे ते हेच. १९७३ चं ते पुस्तक तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या शेल्फवर असेल.)

राजे, अप्पा आणि फ्रीडमन यांनी मिळून एक विलक्षण गोष्ट केली. राजांनी आपली सत्ता प्रजेला देऊन टाकायचं ठरवलं. गांधीजींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधचं स्वराज्याचं संविधान जाहीर झालं. गावोगाव पंचायती आणि वर लोकांचं राज्य. राजा उरला सेवक म्हणून. तेव्हा बाळासाहेब सत्तरीत होते. सत्तरीत माणसं घराच्या किल्ल्या सुनेकडे द्यायला तयार होत नाहीत, इथे राज्य दिलं.

आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं.

नाव बघा. तुरुंगाचं नाव ‘स्वतंत्रपूर’. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे नेऊन ठेवायचे. भोवती तुरुंगाची उंच भिंत नाही. कैद्यानं बायकामुलांना घेऊन राहायचं, शेती करायची, पिकवायचं, विकायचं. फ्रीडमननी या वसाहतीत जीव ओतला. माणदेश म्हणजे पाऊस रुसलेला मुलूख, जमीन सुखासुखी काही देत नाही. तिथे पीक काढायचं तर रोज पहाटे उठावं लागतं आणि पाणी मोजून वापरावं लागतं. पेरलेलं उगवेपर्यंत धीरही धरावा लागतो. तिथे निश्चयाला आपोआपच कामाचं रूप येतं. व्यवसित माणसाला व्यवसाय मिळतो.

कोठडीत माणूस वेळ काढतो. वेळ संपला की बाहेर येतो, तेव्हा हातात कौशल्य नसतं, घर सवयीचं राहिलेलं नसतं, मुलं ओळखत नाहीत. मग तो कुठे जाणार? बहुतेकदा ज्यांनी आत असताना ओळख ठेवली त्यांच्याकडेच. स्वतंत्रपूरची कल्पना हा तुटलेला धागा शिक्षा चालू असतानाच जोडून घ्यायची होती. शिक्षा संपेल तेव्हा शेती येत असेल, संसार चालू असेल, शेजाऱ्याशी बोलायची सवय असेल. म्हणजे दुसरी संधी सुटकेच्या दिवशी दारात उभी राहून मागायची नाही, ती आधीच सुरू झालेली असेल.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला बाळासाहेब गेले. राज्य गेलं, राजा गेला, पण स्वतंत्रपूर राहिलं. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ते पुढेही चालू राहिलं.

आणि त्याची गोष्ट जगभर गेली ती एका सिनेमातून. आटपाडीजवळच्या माडगूळचा एक मुलगा औंधला शिकला होता. तो पुढे कवी झाला, ग. दि. माडगूळकर. त्यांच्या लेखणीतून कथा उतरली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानावर शेती फुलवायला जातो, एवढीच कथा. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातली प्रार्थना कितीतरी शाळांमध्ये अजून म्हणतात. आपणही म्हटली असेल, पण ती मुळात कैद्यांच्या गोष्टीतली आहे हे ती म्हणताना कुणाच्या लक्षात येतं? गदिमांचं गीतरामायण आपण रामनवमीला ऐकतो. औंधला एक राजा रामायण रंगवत होता आणि तिथे शिकलेला मुलगा पुढे रामायण गाण्यांतून सांगत होता. मला हे दोन धागे एकाच मागावरचे वाटतात.

औंधला यमाईच्या डोंगरावर राजांनी १९३८ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे, श्री भवानी संग्रहालय. मी गेले होते तेव्हा रवि वर्म्यांच्या सैरंध्रीसमोर बराच वेळ उभी होते. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. आणि इथे मघाचं विराटपर्व आठवलं.

पांडवांची अवस्था काय होती बघा. द्यूतात हरले, तेरा वर्षांची शिक्षा झाली. बारा वर्षं वनवास झाला, शेवटचं एक वर्ष ओळख लपवून काढायचं. मग सहाही जण विराटाच्या दरबारात नोकरी मागायला जातात. युधिष्ठिर कंक होतो, भीम स्वयंपाकी बल्लव, अर्जुन नृत्य शिकवणारा बृहन्नडा, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीची वेणीफणी करणारी. आणि आधीचा अनुभव काय सांगतात? आम्ही युधिष्ठिराकडे होतो! स्वतःचंच शिफारसपत्र. वाचताना हसू येतं.

पण पुढे हसू येत नाही. कीचक द्रौपदीला छळतो, भर दरबारात लाथ मारतो, आणि तिला आपण कोण आहोत हे सांगता येत नाही. पाच शूर नवरे असूनही तिला न्याय मिळत नाही. कारण ओळख उघडी पडली तर शिक्षा पुन्हा पहिल्यापासून. भूतकाळ लपवून काम करणाऱ्याला अन्याय झाला तरी ओरडता येत नाही, हे व्यासांनी किती आधी सांगून ठेवलंय.

हे मी उगाच लिहीत नाहीये. आमच्या रविवारच्या पारायणाला एक दादा येतात. काही वर्षं आत होते. का, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी एकदा आपणहूनच सांगितलं. शिक्षा पूर्ण झाली, घरी आले, आणि काम शोधायला लागले. प्रत्येक फॉर्मवर तो एक रकाना असतो, पूर्वी गुन्हा सिद्ध झालाय का. खरं लिहिलं की पुढचा फोन येत नाही. शेवटी एका ठिकाणी त्यांनी काही न सांगता काम धरलं. मालकाला कुठून तरी कळलं, पण त्यानं काढलं नाही. पगार अर्धा केला, तास वाढवले. तक्रार कुठे करणार? त्या रविवारी दादांनी आम्हाला सरळ विचारलं, की पुढच्या वेळी रकान्यात काय लिहू? खरं लिहून उपाशी राहू, की लपवून कीचकाच्या हाताखाली राहू?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, की मला डबे पोचवायला आणि कोठीचा हिशोब ठेवायला माणूस हवाय, उद्यापासून या. एवढंच. काकूंचा डब्यांचा घरगुती धंदा आहे, साठ-सत्तर डबे. कोठीची किल्ली त्यांनी पहिल्याच आठवड्यात दादांकडे दिली. घरच्यांनी कुरकुर केली, ती त्यांनी ऐकून घेतली, आणि किल्ली तिथेच ठेवली. आता वर्ष होत आलं. दादांचं आयुष्य सिनेमासारखं बदललं असं काही नाही. घरभाडं वेळेवर जातं, मुलगी पुन्हा बोलायला लागलीय. पण आता त्यांना कुणापासून काही लपवावं लागत नाही.

विराटाचा दरबार आणि स्वतंत्रपूर यांच्यातला फरक मला इथे दिसला. विराटाकडे काम मिळालं, कारण त्याला काही माहीत नव्हतं. स्वतंत्रपुरात सगळं माहीत होतं आणि तरी जमीन दिली. किर्लोस्करवाडीतही माहीत होतं आणि तरी पहारा दिला.

यावर तुम्ही म्हणाल, की ताई, सगळ्यांवरच असा विश्वास टाकायचा का? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. गीता शिक्षा माफ करा असं कुठेही म्हणत नाही. स्वतंत्रपुरातले लोक शिक्षाच भोगत होते. ज्याचं नुकसान झालं त्याचं दुःख खरं आहे, आणि त्यानं क्षमा करावी असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. पण न्यायालयानं ठरवलेली शिक्षा पुरी झाल्यावर आपण जी आणखी एक शिक्षा चालू ठेवतो, तिला ना कलम असतं ना मुदत. आणि श्लोकातही अट आहेच. निश्चय त्या माणसाचा हवा. तो त्याच्याकडून, संधी आपल्याकडून. यातलं एक जरी नसलं तरी गाडं चालत नाही. आणि विश्वास टाकणं म्हणजे डोळे मिटणंही नव्हे. काकू दर शनिवारी हिशोब बघतात, जसा त्या दुसऱ्या कुणाचाही बघितला असता.

एक गोष्ट मात्र मला सलते. आज खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्यानुसार गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही. म्हणजे लक्ष्मणरावांनी शंभर वर्षांपूर्वी जे काम विश्वासानं दिलं, नेमकं तेच आज एखाद्या सुरक्षा कंपनीला देता येणार नाही. कायद्यामागचं कारण मला समजतं. पण मग दुसरी दारं तरी उघडी हवीत, आणि ती उघडणारे आपल्यासारखेच असणार आहेत. तुमच्यातले काही जण एचआरमध्ये आहेत, काहींचे स्टार्टअप आहेत, काही जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत. राज्य नसलं तरी एखादी किल्ली आपल्या हातात असतेच.

आजचा अभ्यास:

१. दोन्ही श्लोक सावकाश तीनदा वाचा. ‘मानावं’ हे मला सांगितलंय, असं समजून वाचा.

२. तुमच्या ओळखीत, सोसायटीत, नात्यात असा कुणी आहे का, ज्याची शिक्षा संपूनही आपण त्याला अजून आतच ठेवलंय? त्याच्यासाठी नामस्मरणाची एक माळ करा. मग एक फोन करा. माळ आधी, पण फोन चुकवू नका.

३. कुणाला कामावर ठेवायचा निर्णय तुमच्या हातात असेल, तर तो रकाना वाचून झाल्यावर कागद लगेच बाजूला ठेवू नका. माणसाला बोलवा, काय घडलं, केव्हा घडलं, त्यानंतर त्यानं काय केलं, ते विचारा. आणि मग ठरवा.

उद्या श्लोक ३२. तो समजायला अवघड आहे आणि त्यावर वादही खूप झालेत, तेव्हा जरा वेळ काढून या.

राम कृष्ण हरी!